नाइट आउटचं कौतुक पुरे झालं

इंजिनिअरिंगच्या पोरांनी स्पर्धेसाठी गाडी बनवली की तिचं मोठेपण एकाच मापाने मोजलं जातं : पोरं किती रात्री जागली. 'शेवटचे पंधरा दिवस कुणी घरी गेलं नाही', 'टेम्पोत चढवेपर्यंत वेल्डिंग चालू होतं', 'वायरिंग तर वाटेत टेम्पोतच उरकलं'. ही वाक्यं सत्कार समारंभात माइकवरून सांगितली जातात. प्राचार्य मान डोलावतात, पालकांचा ऊर भरून येतो आणि समोर बसलेली पुढच्या वर्षीची पोरं मनात नोंद करतात, की गाडी अशीच बनवायची असते. मला या तिन्ही वाक्यांतून एकच गोष्ट ऐकू येते. गाडीचं नियोजन झालेलं नव्हतं, आणि त्याची कुणाला लाजही वाटलेली नाही.

माझं भोसरीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पाइप कापायचे, वाकवायचे, जोडायचे हा धंदा. हंगाम आला की कुठल्या ना कुठल्या कॉलेजची टीम दारात उभी असते. टी-शर्टवर टीमचं नाव, पाठीवर प्रायोजकांचे लोगो, बगलेत लॅपटॉप. "काका, फ्रेम करायची आहे. जरा अर्जंट आहे." मी ड्रॉइंग मागतो. ते लॅपटॉप उघडून गाडी स्क्रीनवर गरागरा फिरवून दाखवतात. लाल, चकचकीत, खाली फरशीवर सावलीसुद्धा पाडलेली. मी पुन्हा म्हणतो, ड्रॉइंग दे बाबा. कागद. मापं आणि टॉलरन्स लिहिलेला, वेल्डरच्या टेबलावर ठेवता येईल असा. मग पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

ही गाडी नाही, रुखवत आहे. मांडायचं, फोटो काढायचे, वऱ्हाडाने वा वा करायची. पंगतीत त्यातलं काही वाढायचं नसतं.

डिझाइन म्हणजे घेतलेले निर्णय, आणि प्रत्येक निर्णयामागचं 'का'. व्हीलबेस किती? १५५० मिलिमीटर. का? "मागच्या वर्षी तेवढाच होता." मागच्या वर्षी का होता? "ते सीनियर्सना माहीत." सीनियर आता बेंगळुरूला कोडिंग करतो आणि फोन उचलत नाही. फॉर्म्युला स्पर्धेच्या नियमात व्हीलबेस किमान १५२५ हवा, एवढं तरी यांना सांगता यायला हवं. वरचे पंचवीस कशासाठी घेतले, इंजिन मागे बसवताना चेन कमी पडत होती म्हणून की वेल्डिंगची ओढ धरून, हे त्याच्या पुढचं. पण नियमावलीची पीडीएफ टीमच्या ग्रुपवर पडलेली असते आणि ती कुणीतरी वाचली असेल, असा प्रत्येकाचा समज असतो. चारही चाकं एकदम लॉक झाली पाहिजेत, गाडी साठ अंशांत कलवली तरी तेल-पेट्रोलचा थेंब गळता कामा नये, चालक पाच सेकंदांत बाहेर पडला पाहिजे, या अटी अनेकांना तपासणीच्या रांगेत उभं राहिल्यावर कळतात. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली परंपरा जुनीच आहे, पण निदान तिला अभियांत्रिकी म्हणू नये.

मग येतं अ‍ॅनालिसिस. "काका, फॅक्टर ऑफ सेफ्टी २.४ आलाय." निळ्या-हिरव्या रंगाचं चित्र, एका कोपऱ्यात जराशी लाली. मी विचारतो, भार किती लावला आणि तो आणला कुठून? "तीन जी धरलाय." कुणी धरला? एका व्हिडिओत धरला होता. सॉफ्टवेअर बिचारं काही विचारत नाही. त्याला आकडा द्या, ते रंग देतं. चुकीचा आकडा दिलात तर चुकीचे रंग तितक्याच तत्परतेने देतं.

हा आकडा पाठकोऱ्या कागदावर निघतो. चालकासकट गाडी ३०० किलोची धरा. गुरुत्वमध्य जमिनीपासून ३०० मिमी वर, व्हीलबेस १५५०. दीड जीने ब्रेक लागला, तर मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर सरकणारं वजन ३०० गुणिले १.५ गुणिले ३०० भागिले १५५०, म्हणजे ८७ किलोच्या आसपास. उभ्या गाडीचं वजन पुढेमागे निम्मं निम्मं असेल तर पुढच्या जोडीवर १५० होतं, ते २३७ झालं. एका चाकाच्या वाट्याला साधारण ११८ आलं. टायरने दीडपट पकड दिली तर त्या चाकापाशी ब्रेकचा जोर सुमारे १७८ किलो. आता हा जोर विशबोनमधून, म्हणजे चाकाला फ्रेमशी जोडणाऱ्या हातामधून, ब्रॅकेटपर्यंत आणि ब्रॅकेटमधून बोल्टपर्यंत पोचवत न्या. बारावीच्या फिजिक्सचं गणित आहे, पाच मिनिटं लागतात. हे न करता जो पोरगा तीन तास मेश बारीक करत बसतो, तो काम करत नाही, कामाचा देखावा करतो.

त्या कागदावरच आणखी एक गोष्ट दिसली असती. खालच्या विशबोनच्या बाहेरच्या टोकाला रॉड एंड लावायचा आणि चाकाचा सगळा वाकवणारा भार त्याच्या आट्यांवर टाकायचा, ही चूक जगभरातले डिझाइन जज पोरांना वर्षानुवर्षं दाखवत आलेत. रॉड एंडची दांडी ओढ आणि दाब सोसायला केलेली असते. तिला वाकवलं तर आट्याच्या खोबणीत भेग धरते आणि एका वळणावर चाक गाडीचा निरोप घेतं. तरीही दर वर्षी नव्या टीमच्या मॉडेलमध्ये रॉड एंड तिथेच. कारण मॉडेल कॉपी झालं, त्यावर पडलेल्या शिव्या कॉपी झाल्या नाहीत.

पाइपांच्या बाबतीत तर आनंदच आहे. बाहा या विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या गाडी-स्पर्धेच्या नियमांत रोल केजच्या मुख्य नळीचं मूळ माप २५ मिमी बाहेरचा व्यास, ३ मिमी जाडी आणि ०.१८ टक्के कार्बनचं पोलाद असं दिलेलं आहे. दुसरं माप वापरायचं तर त्याची वाकताना टिकणारी ताकद आणि ताठपणा या मापापेक्षा कमी नाही, हे आकड्यांनी दाखवावं लागतं. पोरं सरसकट ४१३० क्रोमोली मागतात, कारण नाव भारदस्त आहे. क्रोमोली ताकदीला सरस, वादच नाही. पण ताठपणा म्हणाल तर पोलाद साधं असो की महागडं, जवळपास सारखंच वाकतं. ताठपणा येतो तो व्यासातून. व्यास वाढवून जाडी उतरवली तर वजन वाचतं आणि क्रोमोलीचे पैसे वसूल होतात. व्यास तोच ठेवून फक्त नाव बदललं तर वसूल होतो फक्त पोस्टरवरचा एक शब्द.

आता फ्रेम प्रत्यक्ष कशी उभी राहते ते बघा. एका पाइपचं तोंड दुसऱ्या पाइपच्या गोलाईवर नीट बसेल असं कापावं लागतं, त्याला आम्ही नॉच म्हणतो. पोरं हे ग्राइंडरने अंदाजपंचे करून आणतात आणि सांध्याला सूत-दीड सूत फट राहते. वेल्डर ती भरून काढतो, त्याला काय, भरायला तो बसलेलाच आहे. पण जितका जास्त धातू ओतला तितकी जास्त उष्णता, आणि थंड होताना तितकी जास्त ओढ. त्यात एका बाजूचे सांधे सलग मारत नेले की फ्रेम त्या बाजूला तोंड फिरवते. शेवटी टेप लावून कर्ण मोजा. डावा एक, उजवा त्याहून पाच-सहा मिमी जास्त. कॅडमध्ये सस्पेन्शनचे बिंदू दशांशाच्या दोन घरांपर्यंत लिहिलेले आणि इथे ब्रॅकेट पाच मिमी सरकलेलं. मग चाक खड्ड्यात वरखाली झालं की स्टिअरिंग न फिरवता आपणच वळतं, आणि चालक दोन्ही हातांनी गाडीशी कुस्ती खेळतो. त्यावर टीमचा शेरा असा : "वेल्डरने फ्रेम वाकडी केली." नाचता येईना, अंगण वाकडं.

उपाय काही गुप्त विद्या नाही. सपाट टेबलावर जिग, म्हणजे पाइप जागच्या जागी धरणारा साचा, करायची, लाकडी का होईना. सगळे सांधे आधी टाके मारून पकडायचे, मापं पुन्हा घ्यायची, मग एक सांधा इकडे तर एक तिकडे असं फिरत फिरत पुरं वेल्डिंग करायचं. सस्पेन्शनची ब्रॅकेटं सगळ्यात शेवटी, जिगवरूनच जागा घेऊन. त्यातूनही मिलिमीटरभर फरक राहणार, हे गृहीत धरून शिम घालायला डिझाइनमध्येच जागा सोडायची. फरक राहू नये अशी प्रार्थना करणं आणि फरक राहणारच असं धरून चालणं, यातल्या दुसऱ्या गोष्टीला डिझाइन म्हणतात. पण टीमच्या वेळापत्रकात 'जिग' नावाची ओळच नसते.

वेळापत्रकाचं काय सांगावं! गँट चार्ट रंगीत असतो. 'डिझाइन' हिरवं, 'मॅन्युफॅक्चरिंग' निळं, 'टेस्टिंग' केशरी. त्या पट्ट्यांसमोर माणसाचं नाव नसतं. तारखा कुठल्या देशाच्या कॅलेंडरमधून घेतल्या तेही कळत नाही, कारण त्या चार्टला गणपती माहीत नाहीत. खंडेनवमीला लेथची पूजा होते, लेथ चालत नाही, हे माहीत नाही. दिवाळीत कामगार गावी जातात आणि मशीन शॉप आठवडाभर उघडत नाही, हेही नाही. फॉर्म्युला भारत कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरते, तीही जानेवारीच्या सुमारास. म्हणजे पाइप कापण्याच्या ऐन दिवसांत दिवाळी आणि जुळणीच्या ऐन दिवसांत विद्यापीठाची परीक्षा. ओरल आणि सबमिशनही तेव्हाच. हे दर वर्षी असतं. तरी दर वर्षी पोरांना याचा नव्याने धक्का बसतो.

शाफ्ट कडक करायला भट्टीवाल्याकडे द्यावे लागतात. तो त्याचा लॉट भरल्याशिवाय भट्टी पेटवत नाही. तुमचे दोन शाफ्ट मोठ्या गिऱ्हाइकाच्या मालाबरोबर आत जातील तेव्हा जातील. टायर परदेशातून मागवले तर ते कस्टममध्ये बसतात आणि तिथल्या अधिकाऱ्याला तुमची इन्स्टाग्रामवरची रील बघून पाझर फुटत नाही. म्हणून तारखा स्पर्धेच्या दिवसापासून उलट्या मोजायच्या असतात. शेवटचे दोन महिने नुसते गाडी चालवायला ठेवायचे, त्याआधी जुळणी, त्याआधी बाहेरून येणारी कामं, आणि या सगळ्याच्या आधी एक तारीख अशी, की जिच्यानंतर डिझाइनमध्ये बोटभरही बदल होणार नाही. कॅप्टनचं खरं काम त्या तारखेनंतर सुरू होतं : 'नाही' म्हणणं. भन्नाट कल्पना घेऊन आलेल्या जिवलग मित्राला, पुढच्या वर्षी बघू, असं तोंडावर सांगणं. ते जमत नाही म्हणून मग रात्री जागायच्या.

टेस्टिंगचा केशरी पट्टा तर दर आठवड्याला आखडत जातो आणि शेवटी नाहीसा होतो. बाकी सगळ्याला उशीर झाला की त्याचा भुर्दंड तोच भरतो. आता गुणांचा हिशेब बघा. अमेरिकेत १९८१ साली ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात सुरू झालेल्या फॉर्म्युला एसएईचे एकूण गुण १०००. त्यातले २७५ एकट्या एन्ड्युरन्सला, म्हणजे साधारण २२ किलोमीटर पळायचं, मध्ये चालक बदलायचा आणि गाडी पुन्हा चालू झाली पाहिजे. कागदावरच्या डिझाइनची उलटतपासणी १५० गुणांची. बाहाची स्पर्धा त्याहून जुनी, १९७६ साली साउथ कॅरोलिना विद्यापीठातली. आपल्याकडे २००७ पासून इंदूरजवळ पीथमपूरला तिची जत्रा भरू लागली. तिथे शेवटची परीक्षा चार तासांच्या धुळीची, आणि कैक वर्षं सगळ्या संघांना दहा हॉर्सपॉवरचं एकच ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन इंजिन. इंजिन सारखं म्हटल्यावर बाकी राहिलं ते वजन, गिअरिंग आणि टिकणं. टिकणं तर चालवूनच कळतं. सायलेन्सरचं ब्रॅकेट कितव्या किलोमीटरला तुटतं, कुठला नट ढिला होतो, क्लचची केबल कुठे घासते, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही. ज्या गाडीचं पेंट टेम्पोत वाळलं, ती हे सगळं स्पर्धेच्या ट्रॅकवर पहिल्यांदा शिकते, आणि मग पोरं कुंपणाला टेकून रडतात. वाहिन्यांना आणि रीलवाल्यांना ते रडणं फार आवडतं.

पोरांनाच झोडपत राहिलो तर कॉलेजवाले फुकट सुटतील. एका कॉलेजच्या टीमने माझ्याकडे पाइपांची ऑर्डर दिली आणि पैसे यायला इतका उशीर झाला की तोवर स्पर्धा होऊन गेली. विचारलं तर उत्तर ठरलेलं : तीन कोटेशनं, परचेस कमिटी, वरच्या साहेबांची सही. कॉलेजच्या वर्कशॉपला पाच वाजता कुलूप लागतं. तिथे लेथ आहे, मिलिंग आहे, पण पोरांनी हात लावला आणि काही झालं तर जबाबदार कोण? म्हणून चार वर्षं मेकॅनिकल शिकलेला मुलगा पहिली चिप माझ्याकडे येऊन काढतो. तीच गाडी नॅकची पाहणी आली की धुऊनपुसून पोर्चमध्ये उभी करतात. प्रवेशाच्या माहितीपत्रकात पान तीनवर तिचाच फोटो, गाडीशेजारी वर्षभर न फिरकलेले मार्गदर्शक प्राध्यापक, आणि गेटवर 'हार्दिक अभिनंदन'चा फ्लेक्स. त्या फ्लेक्सच्या पैशात जिग झाली असती.

याचाच परिणाम म्हणून एक नवी जात निघाली आहे. "काका, तयार चेसिस मिळेल का तुमच्याकडे? पूर्ण बसवलेली?" मिळते, बाजारात मिळते. पैसे टाका, गाडी न्या, स्टिकर लावा. माझ्याकडे मिळत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण कुणाच्या डिग्रीचं वेल्डिंग करायचा धंदा मी करत नाही.

आणि एक गोष्ट, जी टीममध्ये कुणी उघड बोलत नाही. मुली असतात टीममध्ये. त्यांना देतात प्रेझेंटेशन, स्पॉन्सरची पत्रं आणि सोशल मीडिया. वर्कशॉपमध्ये रात्री उशीर होतो ना, म्हणून. म्हणजे नियोजन नाही म्हणून रात्र, आणि रात्र म्हणून मुलगी बाहेर. जी टीम दिवसाढवळ्या काम करते तिथे हा प्रश्न उरत नाही. माझ्याकडे टिग टॉर्च धरून ओळीने स्वच्छ टाके मारणारी मुलगी मी पाहिलेली आहे. तिच्या टीमने तिला स्पर्धेत पोस्टरपाशी उभं केलं होतं.

कुणी म्हणेल, विद्यार्थीच ते, त्यांच्याकडून आणखी काय होणार? पुण्यातल्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' नावाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने वर नेला. वजन किलोच्या आत. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' पीएसएलव्ही-सी३५ वरून गेला. दोन्हींची कामं त्याआधी आठ-नऊ वर्षं चालू होती. सुरू करणारी पोरं केव्हाच पास होऊन गेली होती. काम एका बॅचकडून दुसरीकडे हातातून हातात गेलं, कारण का आणि कसं ते लिहून ठेवलेलं होतं. 'स्वयम्'चा एक निर्णय मला फार आवडतो. उपग्रहाची दिशा सांभाळायला त्यांनी मोटारी आणि नियंत्रणाचा पसारा नेलाच नाही. चुंबक आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र यांच्यावर काम भागवलं. जे नाही ते बिघडत नाही. काय सोडून द्यायचं हे ठरवणं डिझाइनमधलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि आमच्या गाडीवाल्या पोरांना तर पॅडल शिफ्टर, डेटा लॉगर आणि कार्बन फायबरचं स्टिअरिंग हे सगळं पहिल्याच वर्षी हवं असतं. रॉकेट कुणासाठी थांबत नाही आणि वर गेलेल्या डब्याला ग्राइंडर मारता येत नाही, हे त्या मुलांना पहिल्या दिवसापासून पक्कं ठाऊक होतं.

शेवटचा बचाव नेहमीचा : "पण काका, शिकायला मिळतं ना!" मिळतं की. काय मिळतं ते सांगतो. तारीख पाळायची नसते, गाठायची असते, हे मिळतं. तपासणी टाळता येते, आणि जो शेवटच्या रात्री राबला तो हिरो, ज्याने पहिल्या महिन्यात बसून गणित केलं तो बोअर, हेही मिळतं. मग हीच पोरं चाकणला नोकरीला लागतात आणि महिन्याच्या अखेरीस डिस्पॅचच्या रात्री तोच खेळ पगारावर खेळतात. पंचवीस दिवस निवांत, पाच दिवस आरडाओरडा, रिजेक्शनचा माल गेटबाहेर. त्यालाही आपण जिद्द म्हणतो, आणि जरा जास्तच कौतुक करायचं असेल तर जुगाड.

तेव्हा पुढच्या हंगामात माझ्या दारात येणाऱ्या टीमने तीन कागद आणावेत. एकावर भारांचं गणित, स्वतःच्या अक्षरात. दुसरा मापं आणि टॉलरन्स असलेलं फ्रेमचं ड्रॉइंग, सोबत जिगचं. तिसऱ्यावर स्पर्धेपासून उलट्या मोजलेल्या तारखा, प्रत्येक कामासमोर एका माणसाचं नाव, सुट्ट्या आणि परीक्षा वगळून, आणि टेस्टिंगचे दिवस पेनने लिहिलेले, पेन्सिलने नाही. हे असेल तर मजुरीत सवलत देईन आणि वेल्डरशेजारी उभं राहून फ्रेम बनवून घेईन. नसेल तर चहा पाजीन, पाइप कापणार नाही. आणि रात्री नऊला शटर पडतं. आत थांबायची परवानगी मागू नका.